टिपणे आणि निवडणे : व्हिव्हियन मायर ह्यांचे रस्त्यावरील छायाचित्रण

१

छंद म्हणून जोपासलेल्या कलेचे मूल्यमापन करताना समीक्षेने कोणते एकक धरावे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. व्यावसायिक कलावंत आपली कृती स्वतः पुरी करतो, तिला नाव देतो, तिच्याखाली स्वाक्षरी करतो आणि ती लोकांपुढे ठेवतो. समीक्षकाने कशाविषयी बोलावयाचे हे त्यामुळे आधीच ठरून गेलेले असते. छंदिष्टाच्या बाबतीत ही सोय नाही. तो रोज काही ना काही करीत असतो. पण त्यातले पुरे कोणते, अपुरे कोणते, ठेवावयाचे कोणते आणि टाकावयाचे कोणते, हे त्याने सांगितलेले नसते. मग ते दुसरे कोणी तरी ठरविते, आणि समीक्षा त्या दुसऱ्याच्या निर्णयालाच मूळ कर्त्याची कृती समजून चालू लागते.

शहरात पायी हिंडता हिंडता छायाचित्रे घेण्याचा छंद हे ह्या अडचणीचे ठळक उदाहरण होय. ह्या छंदाला चित्रशाळा लागत नाही, बसवून ठेवलेला माणूस लागत नाही, ठरविलेला विषयही लागत नाही. हातात कॅमेरा, पायाखाली ओळखीचा रस्ता आणि समोर अनोळखी माणसे, एवढीच त्याची सामग्री. व्हिव्हियन मायर (१९२६–२००९) ह्या अमेरिकन स्त्रीने सुमारे चार तपे हा छंद एकनिष्ठेने केला. तिच्या चित्रांना आज जगभर मान्यता आहे आणि ती मान्यता अयोग्य आहे असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु ती ज्या एककावर उभी केली गेली आहे, ते एकक, म्हणजे एकेकटे निवडक चित्र, मायर ह्यांच्या व्यवहाराला लागू पडते काय, हे तपासून पाहणे आवश्यक आहे.

२

प्रथम ज्ञात वृत्तांत थोडक्यात सांगावयास हवा. मायर ह्यांचा जन्म १ फेब्रुवारी १९२६ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. आई फ्रेंच, वडील ऑस्ट्रियन वंशाचे. बालपणीची काही वर्षे फ्रान्समधील आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या आईच्या गावाकडे गेली. १९५१ मध्ये त्या न्यूयॉर्कला परतल्या, आणि १९५६ च्या सुमारास शिकागोच्या उत्तरेकडील उपनगरांत राहावयास गेल्या. मुले सांभाळणे हा त्यांचा उदरनिर्वाहाचा व्यवसाय. तो त्यांनी सुमारे चाळीस वर्षे केला. आरंभी साधा पेटी-कॅमेरा वापरून त्यांनी फ्रान्समध्ये चित्रे घेतली होती. १९५२ च्या सुमारास त्यांच्या हाती रोलायफ्लेक्स कॅमेरा आला, आणि तेव्हापासूनची त्यांची चित्रे विशेष प्रसिद्ध आहेत. १९५९–६० मध्ये त्यांनी एकटीने दूरचा प्रवास केला. त्यात भारतही होता. पुढे १९७० नंतर त्या मुख्यतः पस्तीस मिलिमीटरच्या रंगीत फिल्मकडे वळल्या.

त्यांनी आपली चित्रे कधी प्रदर्शित केली नाहीत, छापावयास दिली नाहीत. २००७ मध्ये शिकागोतील एका साठवणगृहाचे भाडे थकल्यामुळे त्यांच्या खोक्यांचा लिलाव झाला. निरनिराळ्या लोकांनी ती खोकी विकत घेतली. त्यांत जॉन मालूफ हे एक होते. शहराच्या एका भागाविषयी पुस्तक करण्यासाठी ते जुनी छायाचित्रे शोधीत होते. त्या वेळी मायर हयात होत्या. २१ एप्रिल २००९ रोजी त्यांचे निधन झाले; त्यानंतरच मालूफ ह्यांना ह्या निगेटिव्हची कर्ती कोण होती, ह्याचा उलगडा झाला. २०११ च्या आरंभी शिकागोच्या सांस्कृतिक केंद्रात प्रदर्शन झाले, त्याच वर्षी पहिला मोठा चित्रसंग्रह निघाला, आणि २०१३ मध्ये मालूफ व चार्ली सिस्केल ह्यांचा ‘फाइंडिंग व्हिव्हियन मायर’ हा अनुबोधपट आला. एक लाखाहून अधिक निगेटिव्ह, शिवाय न धुतलेले शेकडो रोल, घरगुती चलत्‌चित्रे आणि ध्वनिफिती एवढा हा ठेवा आहे.

एका आकड्याचा अर्थ मात्र नीट लक्षात घेतला पाहिजे. चाळीस वर्षांत एक लाख चित्रे म्हणजे वर्षाला अडीच हजार, आठवड्याला सुमारे अठ्ठेचाळीस. रोलायफ्लेक्सच्या एका रोलवर बारा चित्रे येतात. त्या हिशोबाने आठवड्याला चार रोल झाले. मालिकेत अखंडता असली तरी हा आकडा वेडाचा नाही, शिस्तीचा आहे. मुलांना फिरावयास नेताना आणि सुटीच्या दिवशी एकटीने हिंडताना, एका माणसाने चाळीस वर्षे रोज सहा-सात वेळा थांबून कळ दाबली, एवढाच त्याचा अर्थ. संख्येची भव्यता ही नंतर बेरीज करणाऱ्याला दिसते. करणाऱ्याच्या दृष्टीने ती दिनचर्या होती.

३

रस्त्यावरील छायाचित्रणाविषयी आज जी समीक्षा लिहिली जाते, तिचा पाया आन्री कार्तिए-ब्रेसाँ (१९०८–२००४) ह्यांच्या एका ग्रंथाने घातला. हा ग्रंथ १९५२ मध्ये, म्हणजे मायर ह्यांच्या हाती नवा कॅमेरा आला त्याच सुमारास, पॅरिस आणि न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झाला. पण दोन्ही ठिकाणी त्याचे नाव एक नव्हते. फ्रेंच आवृत्तीचे नाव ‘इमाज आ ला सोव्हेत’ असे आहे. ‘आ ला सोव्हेत’ हा वाक्प्रचार परवान्याशिवाय रस्त्यावर माल विकणाऱ्याच्या संदर्भात रूढ आहे: पोलीस दिसताच गाठोडे उचलून पसार व्हावयाच्या तयारीने केलेली विक्री. मुंबईच्या पदपथावर पालिकेची गाडी आल्याची कुणकुण लागताच चादरीची चार टोके एकत्र धरणारा फेरीवाला ज्याने पाहिला आहे, त्याला ह्या शीर्षकाचा अर्थ कोशाशिवाय कळेल. ‘घाईघाईने, चोरट्याने घेतलेली चित्रे’ असा त्याचा भाव आहे.

इंग्रजी आवृत्तीच्या प्रकाशकाने हे नाव टाकून दिले. प्रस्तावनेच्या आरंभी सतराव्या शतकातील कार्डिनल द रे ह्यांचे एक वचन उद्धृत केलेले होते. त्यातून ‘निर्णायक क्षण’ हा शब्दप्रयोग उचलून तो ग्रंथाला दिला. भाषांतरात शीर्षके बदलतात, ह्यात नवल नाही. येथे मात्र शीर्षकाबरोबर सिद्धांतही बदलला. मूळ नावात छायाचित्रकार हा रस्त्यावरच्या इतर माणसांतलाच एक आहे, किंबहुना त्यांतला सर्वांत कमी अधिकाराचा. इंग्रजी नावात तो न्यायाधीश झाला. क्षण निर्णायक असतो, तो ओळखणारा डोळा श्रेष्ठ असतो, आणि उरलेले सगळे क्षण गौण असतात, अशी एक उतरंड त्या दोन शब्दांनी उभी केली. पुढील अर्धशतकाची समीक्षा ह्या उतरंडीवर चढत राहिली.

ह्या सिद्धांताचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९३२ मध्ये पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकामागे घेतलेले चित्र: साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस, टाच पाण्याला टेकण्यापूर्वीचा निमिष. हे चित्र कुंपणाच्या फटीतून घेतलेले होते आणि प्रिंट काढताना त्याची कड कापून टाकावी लागली, ही गोष्टही तितकीच प्रसिद्ध आहे. म्हणजे निर्णय केवळ रस्त्यावर झाला नाही. काही भाग नंतर, डार्करूममध्ये, झाला. क्षण टिपणे आणि चित्र निवडणे ह्या दोन भिन्न क्रिया आहेत, आणि ‘निर्णायक क्षण’ हा शब्दप्रयोग त्या दोहोंना एकत्र बांधून टाकतो. कर्ता एकच असेल तेव्हा ह्या गोंधळाने फारसे बिघडत नाही. कर्ते दोन असले की मात्र बिघडते.

४

ह्या ठिकाणी मराठीतील क्रियापदांचा थोडा विचार उपयोगी पडेल. इंग्रजीत छायाचित्रासाठी जी क्रियापदे रूढ आहेत, त्यांत गोळी घालणे, पकडणे, हस्तगत करणे ह्या अर्थाची क्रियापदे ठळक आहेत. सुझन सोंटॅग ह्यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात ह्या शब्दांतील आक्रमकतेवर नेमके बोट ठेवले आहे. मराठीत सर्वसामान्य माणूस ‘फोटो काढतो’. ‘काढणे’ हे क्रियापद विहिरीतून पाणी काढण्याला, पायातला काटा काढण्याला, कोणाची आठवण काढण्याला आणि कष्टाचे दिवस काढण्याला सारखेच चालते. आत असलेले बाहेर आणणे, किंवा पुढ्यात आलेले पार पाडणे, हे त्याचे अर्थ. त्यात शिकार नाही.

लेखनात मात्र छायाचित्रकार चित्र ‘टिपतो’. हे क्रियापद अधिक गुंतागुंतीचे आहे. नेमबाज सावज टिपतो. पाखरू अंगणातले दाणे टिपते. टिपकागद ओली शाई टिपतो. आणि ऐकणारा माणूस कामाचे तेवढे वहीत टिपून घेतो. ह्या चार अर्थांत समान आहे ती नेमकेपणाची छटा: थोडे, हवे तेवढे, अचूक उचलणे. पण चारही ठिकाणी कर्त्याचे नाते वेगळे आहे. नेमबाजाला एकच सावज हवे असते आणि ते मिळाले की त्याचे काम संपते. पाखरू एका दाण्यावर थांबत नाही. दाणा दाण्यासारखाच असतो आणि अंगण रोजचेच असते. टिपकागद स्वतः काही निवडीत नाही. जे ओले आहे ते त्याच्यावर उमटते, आणि उमटते ते उलटे. वहीतले टिपण हे तर मुळी अंतिम लेखन नव्हेच. ते पुढच्या लेखनाची सामग्री असते, किंवा केवळ विसरू नये म्हणून केलेली नोंद असते.

‘निर्णायक क्षणा’ची समीक्षा छायाचित्रणाकडे पहिल्या अर्थाने पाहते. मायर ह्यांचा व्यवहार उरलेल्या तीन अर्थांनी समजून घ्यावयास हवा. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. त्यांचा कॅमेरा आणि त्यांच्या रोलवरील चित्रांचा क्रम ही त्याची साक्ष आहे.

५

रोलायफ्लेक्स हा दोन भिंगांचा कॅमेरा. तो डोळ्याला लावीत नाहीत, छातीपाशी किंवा कमरेपाशी धरतात आणि वरच्या दुधी काचेत मान खाली घालून पाहतात. त्या काचेत डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे दिसते. ह्यातून तीन गोष्टी घडतात. पहिली, छायाचित्रकाराची नजर समोरच्याच्या नजरेला भिडत नाही; तो काही शोधीत असल्यासारखा खाली वाकलेला दिसतो. दुसरी, चित्र कमरेच्या उंचीवरून घेतले जाते. त्यामुळे मोठी माणसे किंचित खालून, आणि मुले त्यांच्या स्वतःच्या पातळीवरून दिसतात. मुलांचा हात धरून हिंडणाऱ्या स्त्रीच्या चित्रांत जग ह्या उंचीवरून दिसावे, ह्यात एक औचित्य आहे. तिसरी गोष्ट, बारा चित्रांनंतर रोल संपतो आणि प्रत्येक चित्रानंतर फिल्म पुढे सरकवावी लागते. भराभर दहा चित्रे घ्यावीत आणि त्यांतून एक निवडावे, ही पद्धत ह्या यंत्राला मानवत नाही.

मायर ह्यांच्या रोलचे जे कॉन्टॅक्ट प्रिंट उपलब्ध झाले आहेत, त्यांवरून असे दिसते की एका प्रसंगाचे त्या बहुधा एकच चित्र घेत आणि पुढे चालू लागत. ही गोष्ट त्यांच्या अचूक डोळ्याचा पुरावा म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. पण तिचा दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. ज्या छायाचित्रकाराच्या रोलवर एकाच प्रसंगाची अनेक चित्रे असतात, त्याचा रोल हा खर्डा असतो. त्यातून एक निवडले की बाकीचे रद्द झाले. ज्याच्या रोलवर बारा वेगवेगळे प्रसंग असतात, त्याचा रोल हा खर्डा नसतो. तो त्या दिवसाच्या फेरफटक्याचा आलेख असतो. तेथे एक चित्र दुसऱ्याला रद्द करीत नाही. त्याच्याशेजारी उभे राहते.

शेजारीपणाने अर्थ ठरतो, हे भाषेच्या अभ्यासकांस नवे नाही. अनेकार्थी शब्दाचा अर्थ निश्चित करणारी निमित्ते भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’च्या दुसऱ्या कांडात सांगितली आहेत, त्यांत साहचर्य आणि प्रकरण ही दोन आहेत. ‘सैंधव आण’ असे जेवताना म्हटले तर मीठ आणावयाचे, प्रवासास निघताना म्हटले तर घोडा, हे प्रकरणाचे नेहमीचे उदाहरण. छायाचित्र तर शब्दाहूनही अधिक परावलंबी आहे. ते सदैव ‘हा’, ‘ही’, ‘येथे’, ‘आता’ एवढेच म्हणते. दर्शक सर्वनामे बोलणाऱ्याच्या जागेवाचून निरर्थक असतात. रोमान याकोबसन ह्यांनी १९५७ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात अशा शब्दांचे स्वरूप विशद केले आहे. मायर ह्यांच्या बहुसंख्य चित्रांना शीर्षक नाही. बोलणारी व्यक्ती गेली आणि ‘ही’ हा शब्द तेवढा मागे उरला, अशी त्यांची स्थिती आहे.

दुकानाच्या काचेसमोर हाताची घडी घालून उभी असलेली, तोंड मळलेली एक लहान मुलगी त्यांच्या एका सुप्रसिद्ध चित्रात आहे. एकटे पाहिले असता ते बालपणाच्या दुःखाचे आणि ताठरपणाचे प्रतीक वाटते, आणि त्यावर तशीच भाष्ये सुचतात. परंतु त्याच्या आधीच्या चित्रात काय होते आणि नंतरच्या चित्रात काय, हे न पाहता प्रतीकाची भाषा बोलणे म्हणजे प्रकरण न पाहता सैंधवाचा अर्थ सांगणे होय. कदाचित ती मुलगी त्या दिवसाच्या बारा थांब्यांतील एक थांबा असेल. तिच्या आधी वर्तमानपत्रांचा ढीग असेल, नंतर एखाद्या म्हाताऱ्याचे पाठीमागे गुंफलेले हात असतील. पाठीमागून पाहिलेली माणसे, हात, पाय, टाकून दिलेली वर्तमानपत्रे ह्यांकडे मायर पुनःपुन्हा वळतात. एकेकट्या चित्रात हे विषय किरकोळ वाटतात आणि म्हणून संग्रहांतून गळतात. शेकडो वेळा आले म्हणजे ते किरकोळ राहत नाहीत. तो त्या डोळ्याचा शब्दसंग्रह ठरतो. एखाद्या बोलीत कोणते शब्द सुंदर आहेत, ह्यापेक्षा कोणते शब्द वारंवार येतात, ह्यावरून त्या बोलीचे जग अधिक कळते.

त्यांच्या स्वतःच्या प्रतिमांनाही हाच न्याय लागू आहे. आरशांत, दुकानांच्या काचांत आणि जमिनीवर पडलेल्या सावलीत मायर ह्यांनी स्वतःला असंख्य वेळा टिपले आहे. १९५५ च्या एका चित्रात कामगार मोठा आरसा उतरवीत आहे आणि त्यात क्षणभर त्या दिसतात. ह्या चित्रांचा स्वतंत्र संग्रह २०१३ मध्ये निघाला. सगळी एकत्र केल्यामुळे ती आत्मशोधाची मालिका भासते. परंतु मूळ रोलवर ती इतर चित्रांमध्ये विखुरलेली होती. फेरफटक्यात वाटेत आरसा आला आणि त्यात जे होते ते टिपले. त्यात स्वतः होती, म्हणून स्वतःला टिपले. रस्त्यावरच्या इतर माणसांइतकेच, त्याहून अधिक नाही. विखुरलेपण हाच ह्या आत्मचित्रांचा अर्थ आहे, आणि तो संग्रहात नाहीसा होतो.

६

येथे टिपणाऱ्याहून वेगळा असा निवडणारा समोर येतो. मृत छायाचित्रकाराचा ठेवा दुसऱ्याने सांभाळणे हे काही नवीन नाही. पॅरिसच्या रस्त्यांची हजारो चित्रे घेणारे यूजेन आत्जे १९२७ मध्ये वारले. त्यांच्या मागे राहिलेला ठेवा बेरेनिस अ‍ॅबट ह्यांनी पुढील वर्षी विकत घेऊन जगापुढे आणला. गॅरी विनोग्रँड हे न्यूयॉर्कचे विख्यात छायाचित्रकार १९८४ मध्ये वारले, तेव्हा न धुतलेले सुमारे अडीच हजार रोल मागे राहिले. ते धुऊन घेतल्यावर जॉन शारकाउस्की ह्यांनी १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात प्रदर्शन भरविले आणि ह्या अखेरच्या कामाविषयी प्रतिकूल मत व्यक्त केले. मात्र ह्या दोघांनी हयातीत स्वतः निवड केलेली होती. आत्जे आपली चित्रे विकीत, विनोग्रँड ह्यांनी ग्रंथ आणि प्रदर्शने केली. त्यांची रीत कशी होती, हे निवडणाऱ्यास ठाऊक होते. मायर ह्यांच्या बाबतीत असा आधार फारच तोकडा आहे.

तोकडा, पण नाहीच असे नव्हे. आणि ह्या ठिकाणी एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. मायर ह्यांना निवड करावयाचीच नव्हती असे कशावरून? पैसा आणि जागा ह्यांच्या अभावी ती राहून गेली असेल. हा आक्षेप सबळ आहे. शिकागोच्या ज्या कुटुंबात त्या अनेक वर्षे होत्या, तेथे स्वतंत्र स्नानगृहाची त्यांनी डार्करूम केली होती. आईच्या गावाकडील एका छायाचित्रकाराकडून प्रिंट काढून घेण्याविषयी त्यांनी पत्र लिहिले होते, हे अनुबोधपटात दाखविले आहे. त्यांनी स्वतः काढलेल्या किंवा काढवून घेतलेल्या प्रिंटही आहेत. २०१७ मध्ये अशा सुमारे पाचशे प्रिंट शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयास देण्यात आल्या. पामेला बॅनोस ह्यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आपल्या चरित्रात ‘मुले सांभाळणारी गूढ स्त्री’ ही प्रतिमा खोडून काढली आणि मायर ही जाणीवपूर्वक काम करणारी छायाचित्रकार होती, हे दाखवून दिले.

परंतु ह्या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष रूढ समीक्षेच्या बाजूचा नाही. मायर ह्यांनी निवड केली असेल, तर ती निवड त्यांच्या स्वतःच्या प्रिंटमध्ये शोधावी लागेल. दुसऱ्यांनी त्यांच्या मरणानंतर मोठ्या आकारात काढलेल्या देखण्या प्रिंटमध्ये नव्हे. आणि त्यांनी निवड केली नसेल, तर मग चित्र निवडण्याचे श्रेय आणि जबाबदारी निवडणाऱ्याच्या नावे मांडली पाहिजे. दोन्ही पक्षी, संग्रहातील दोनशे चित्रे पाहून ‘मायर ह्यांना निर्णायक क्षणाची उपजत जाण होती’ असे म्हणणे सिद्ध होत नाही. एक लाखांतून ते दोनशे क्षण निर्णायक ठरविले ते दुसऱ्याने. त्याचा डोळा ज्या परंपरेत घडला होता, तिचेच नमुने त्याला त्या खोक्यांत सापडले. कार्तिए-ब्रेसाँसारखी, विनोग्रँडसारखी चित्रे त्यात आहेत ह्याचे आश्चर्य वाटते. पण तशी चित्रे शोधणाराच ती शोधीत होता, हे विसरता कामा नये.

कायद्याने हा भेद समीक्षेच्या आधी ओळखला, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे. निगेटिव्ह ज्याच्या ताब्यात, चित्राचे हक्क त्याचेच, असे कायदा म्हणत नाही. मायर ह्यांच्या चित्रांच्या स्वामित्वहक्काचा आणि वारसाचा प्रश्न २०१४ मध्ये शिकागोच्या न्यायालयापुढे आला. वस्तूची मालकी आणि कर्तृत्व ह्या दोन गोष्टी न्यायालयाला वेगळ्या धराव्या लागतात. रसग्रहणानेही तसे करावे, एवढीच अपेक्षा आहे. मालूफ ह्यांच्यासारख्यांनी खोकी उचलली नसती तर सारेच नष्ट झाले असते, हे त्यांचे ऋण निःसंशय मोठे आहे. परंतु जतन करणारा, निवडणारा आणि कर्ता ह्या तीन भूमिका असतात, आणि कृतज्ञतेपोटी त्या एक करून चालत नाही.

७

आता ‘छंद’ ह्या शब्दाकडे वळणे इष्ट होईल. मराठीत छंद म्हणजे आवड, नाद. आणि छंद म्हणजे वृत्तही. ह्या दोन अर्थांच्या व्युत्पत्तीची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. पण एकाच उच्चारात दोन्ही अर्थ नांदतात, ही गोष्ट ह्या विषयाला उपकारक आहे. वृत्त हे आवर्तनाने सिद्ध होते. एक गण म्हणजे वृत्त नव्हे, तो कितीही सुबक असो. रोजच्या फेरफटक्याचा छंद हाही आवर्तनाने सिद्ध होतो, आणि त्यातील एक चित्र हे एका गणासारखे आहे. छंदिष्टाला हौशी म्हणून खालच्या पायरीवर बसविणारे, आणि त्याच्यातला ‘खरा कलावंत’ शोधून त्याला वरच्या पायरीवर नेणारे, हे दोघेही हीच चूक करतात. दोघांनाही गण दिसतो, वृत्त दिसत नाही.

एक प्रश्न तरीही उरतो, आणि तो छंदाच्या निरुपद्रवीपणाविषयीचा आहे. रस्त्यावर टिपल्या गेलेल्या माणसांचे काय? मायर ह्यांच्या चित्रांत दरिद्री माणसे आहेत, मद्याच्या अंमलाखाली पडलेली माणसे आहेत, रडणारी मुले आहेत. काही चित्रांत समोरची व्यक्ती थेट कॅमेऱ्याकडे पाहते आहे आणि तिच्या चेहऱ्यावर नाराजी स्पष्ट आहे. खोक्यात बंद असलेले चित्र आणि संग्रहालयाच्या भिंतीवरील चित्र ह्यांत ह्या माणसांच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे. पहिल्या ठिकाणी ते कोणा एकीचे टिपण होते, दुसऱ्या ठिकाणी ते जगापुढचे विधान झाले. टिपण करण्याचा अधिकार आणि विधान करण्याचा अधिकार सारखा नाही. मायर ह्यांनी विधान केले नाही. ते का केले नाही, हे सांगता येत नाही; पण केले नाही ही वस्तुस्थिती त्यांच्या कृतीचा भाग मानली पाहिजे, तिच्यातील उणीव नव्हे. ज्यांनी ते केले, त्यांच्याकडे त्या अनामिक माणसांचेही उत्तरदायित्व जाते.

ह्यावरून समीक्षेने काय करावे, हे स्पष्ट होते. मायर ह्यांचे पूर्ण रोल, त्यांच्या मूळ क्रमाने, निवड न करता प्रसिद्ध होणे हे नव्या संग्रहांपेक्षा अधिक गरजेचे आहे. बारा चौकोन एका पानावर, जसे घेतले तसे. त्यांत काही चित्रे हललेली असतील, काही फसलेली, काही अगदी सामान्य. आणि वाचक रस्त्याने चालणाऱ्या माणसाच्या गतीने ती पाहील. भाषेचा अभ्यासक बोलीचे नमुने गोळा करतो तेव्हा त्यातील चमकदार वाक्ये तेवढी ठेवून उरलेली टाकून देत नाही. तसे केले तर त्याला बोली मिळणार नाही, सुभाषितांचा संग्रह मिळेल. मायर ह्यांच्या चित्रांचा आज जो संग्रह जगापुढे आहे, तो उत्तम सुभाषितसंग्रह आहे. त्यांची बोली अजून वाचावयाची आहे.